कल

मराठीतला 'कल' हा शब्द मोठा सोयीचा आहे. भिंत एका अंगाला झुकली की तिला कल आला असे म्हणतात, आणि मुलगा गणितापेक्षा गाण्यात अधिक रमू लागला की त्याचा कल गाण्याकडे आहे असे म्हणतात. पहिल्या कलाला गवंडी ओळंबा लावतो. दुसऱ्या कलावर घरातली वडीलमंडळी डोळे वटारतात. माझ्या एका बीदरच्या मित्राने या दोन अर्थांत तिसऱ्याची भर घातली. "आमच्या कन्नडात 'कलि' म्हणजे शीक," असे तो म्हणाला. या शब्दांचे एकमेकांशी काही नाते आहे की नाही, हे भाषेच्या प्राध्यापकांनी ठरवावे. मला एवढेच सांगायचे आहे की, गेले वर्षभर झुकणे, आवड आणि शिकणे या तिन्हींशी आम्हां दोघांची गाठ पडली, आणि तीही एका खोट्या विमानामुळे.

खोटे अशासाठी की, ते संगणकाच्या पडद्याबाहेर कधी उडालेच नाही. 'करबल स्पेस प्रोग्रॅम' नावाचा एक खेळ आहे. मेक्सिकोतल्या स्क्वाड या कंपनीने तो २०११ साली प्रथम लोकांपुढे आणला आणि २०१५ साली त्याची पूर्ण आवृत्ती निघाली. नावाप्रमाणे तो अवकाशात जाण्याचा खेळ. पण त्यात एक विमानशाळाही आहे. पंख, शेपटी, चाके, इंधनाच्या टाक्या असे सुटे भाग घ्यायचे, जोडायचे आणि धावपट्टीवर आणून उडवायचे. २०१९ साली त्यात इंजिनाने फिरणारी पातीही आली. जोडलेले विमान कसे वागेल हे खेळ आधी सांगत नाही. जसे जोडाल तसे उडेल, हा त्याचा सरळ हिशेब.

आमचे घर काचीगुड्याला आहे. मित्र वरच्या खोलीत भाड्याने राहतो. पण त्याचा चहा आणि रात्रीचे जेवण आमच्याकडेच होत असल्यामुळे त्याला भाडेकरू म्हणणे जिवावर येते. त्याचे बालपण बीदरच्या वायुसेना तळाच्या परिसरात गेले. ज्या सूर्यकिरण पथकाची विमाने देशभर कसरती करतात, त्या पथकाची स्थापना १९९६ साली बीदरलाच झाली. इतर मुले ज्या वयात चेंडूफळी खेळतात, त्या वयात हा गच्चीवर उताणा पडून नऊ विमाने एकदम कूस बदलताना पाहत असे. तेव्हा त्याचा कल कुठे गेला हे सांगायला नको. दुंडिगलच्या वायुसेना अकादमीत जायचे आणि वैमानिक व्हायचे, हे त्याने दहावीपूर्वीच ठरवून टाकले होते.

त्यात एक अडचण होती. वैमानिकाच्या शाखेसाठी जी अभिक्षमता चाचणी असते, ती आयुष्यात एकदाच देता येते. आपली विद्यापीठाची परीक्षा मार्चमध्ये हुकली तर ऑक्टोबर आहे, ऑक्टोबर हुकला तर पुढचा मार्च आहे. इथे तसे नाही. एकदा नापास झाला की ते दार कायमचे बंद. म्हणून हात बसावा यासाठी त्याने या खेळात एक विमान तयार केले. नाकावर एकच पंखा आणि खालच्या बाजूला सरळ पंख. कारण दुंडिगलला २०१३ पासून नवशिक्यांसाठी जी पिलाटस विमाने आली, तीही एका पंख्याचीच आहेत.

ते विमान धावपट्टीवरून उठले की डावा पंख खाली जाई. हातातली कळ उजवीकडे दाबून धरली की विमान सरळ चाले. सोडली की पुन्हा डावीकडे. माझ्या आईने दोन-तीन वेळा हा प्रकार पाहिला आणि त्याला 'डावरे' असे नाव देऊन टाकले. डावऱ्याचे काय करायचे, यावरून आमच्यात जो वाद सुरू झाला तो जवळजवळ सहा महिने चालला.

वादाकडे वळण्यापूर्वी ही कूस बदलण्याची भानगड काय आहे ते सांगितले पाहिजे. विमानाला हवेत तीन प्रकारे हलता येते. नाक वर-खाली करता येते. बैलगाडी उलाळते तसे. नाक डावीकडे-उजवीकडे वळवता येते. त्यासाठी शेपटीवर सुकाणू असते. आणि तिसरी हालचाल म्हणजे एक पंख खाली आणि दुसरा वर, निजलेल्या माणसाने कुशीवर व्हावे तशी. वैमानिक तिला रोल म्हणतात. पहिल्या दोन हालचालींत विमान स्वतःला पुष्कळसे सावरून घेते, कारण मागची शेपटी वाऱ्यातल्या बाणाच्या पिसांसारखे काम करते. पण कुशीवर झालेल्या विमानाला उताणे-पालथे काही कळत नाही. कावडीचा एक हंडा खाली गेला तर खांद्याला ते लगेच जाणवते. विमान कुणाच्याच खांद्यावर नसते. त्याचे वजन गुरुत्वमध्यातूनच खाली जाते आणि त्याला कोणत्याही बाजूला वळवीत नाही. पंखांची उचल मात्र विमानाबरोबर तिरकी होते आणि त्याला बाजूला ओढू लागते. मग विमान वळते, वळता वळता नाक टाकते, नाक टाकले की वेग वाढतो, आणि गोल जिन्यावरून उतरावे तसे ते खाली येऊ लागते. एवढा सगळा अनर्थ चार अंशांच्या कलातून सुरू होऊ शकतो.

मित्राचे म्हणणे असे : "विमान डावीकडे जाते ना? जाऊ दे. मी ते हाताने सरळ धरीन. खोड्याळ घोड्यावर बसायला शिकलेला माणूस कुठल्याही घोड्यावर बसतो." माझे म्हणणे असे की, कल कशामुळे येतो हे शोधून तो मुळातून काढून टाकावा. मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी असल्यामुळे घोड्यापेक्षा त्याच्या नालाकडे माझे लक्ष अधिक.

कारणे शोधायची म्हटली तर ती एक नव्हती. हातातली कळ मध्यावर सोडली तरी संगणकाला ती किंचित डावीकडे आहे असे वाटू शकते. एका पंखातल्या टाकीचे इंधन आधी संपू शकते. पंख लांब आणि सांधे लवचिक असले तर वेगात एक पंख दुसऱ्यापेक्षा अधिक मुरडतो. तिथे आधाराच्या काठ्या लावाव्या लागतात. शेपटीवरचे सुकाणू गुरुत्वमध्याच्या वर असल्यामुळे ते वळवले की विमान वळण्याबरोबर थोडे कलतेही. यादी करावी तेवढी थोडी. आणि सर्वांचे दर्शनी रूप एकच : डावा पंख खाली.

एका रविवारी बाबा आमच्यामागे येऊन उभे राहिले. बाबा बालानगरच्या एका लहानशा कारखान्यात लेथवर काम करतात. विमानात ते अजून बसलेले नाहीत. पण वाकडे काय आणि सरळ काय हे त्यांच्या बोटांना कळते. थोडा वेळ पाहून त्यांनी विचारले, "इंजिन बंद करून बघितलंत का?"

"काका, इंजिन बंद केल्यावर विमान पडणार," मित्र म्हणाला.

"पडेल, पण पडता पडता कुठं झुकतं ते तर दिसेल. मशीन थरथरतं तेव्हा आम्ही आधी पट्टा काढतो. पट्टा काढून थरथर थांबली तर दोष मोटरचा. नाही थांबली तर मशीनचा. सगळं चालू ठेवून नुसतं बघत बसलं तर काय कळणार?"

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगवहीत जे चार पानांत लिहितात ते बाबांनी चार वाक्यांत सांगितले होते. मग आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहत गेलो. कल वेळेबरोबर वाढत असेल तर संशय इंधनावर. वेगाबरोबर वाढत असेल तर पंखांच्या बसवणुकीवर किंवा त्यांच्या मुरडण्यावर. कळीची तार काढून ठेवल्यावर जात असेल तर कळीवर. नाक वळवतानाच येत असेल तर सुकाणूवर. डावऱ्याची गोष्ट यांपैकी कशातच बसेना. उंचावर नेऊन इंजिन बंद केले तेव्हा ते घारीसारखे सरळ तरंगत खाली आले. इंजिन पुन्हा पूर्ण जोरात सुरू केले आणि डावा पंख खाली गेला.

म्हणजे दोष पंख्याचा होता. किंवा दोष म्हणण्यापेक्षा न्यूटनचा. इंजिन पंख्याला एका बाजूला पिळते, तेव्हा पंखा इंजिनाला, आणि इंजिनाबरोबर सबंध विमानाला, उलट बाजूला पिळतो. मागून पाहिल्यावर पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल तर विमान डावीकडे कलणार. खऱ्या विमानांतही हे होते, आणि विमान हळू चालत असून इंजिन पूर्ण जोरात असते तेव्हा, म्हणजे उड्डाणाच्या वेळी, त्याचा त्रास सर्वांत अधिक होतो. त्या वेळी जमीन जवळ असते आणि पंखांच्या टोकांकडच्या ज्या हलत्या पट्ट्यांनी, म्हणजे एलेरॉनांनी, विमान सरळ करायचे, त्यांवरून पुरेशी हवा वाहत नसते.

एवढे कळल्यावर उपाय सोपा वाटला. त्याच सुमारास संक्रांत आली. हैदराबादेत संक्रांतीला गच्ची रिकामी ठेवणे हा गुन्हा समजतात. शेजारचा एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आमच्या गच्चीवर पतंग उडवीत होता. त्याचा पतंग सारखा एका बाजूला जाई. त्याने तो खाली उतरवला, चिंधीची एक बारीक पट्टी फाडून दुसऱ्या कोपऱ्याला बांधली आणि मित्राला ज्ञान दिले, "कन्नी बांधो भाई, सीधी हो जाती." आणि पतंग खरोखरच सरळ झाला.

"बघ," मित्र म्हणाला, "उजव्या पंखात वजन ठेवू." ठेवले. इंजिन पूर्ण जोरात असताना डावरे सरळ उडाले. जोर कमी केला आणि ते उजवीकडे कलू लागले! वजन तेवढेच राहिले होते. पीळ मात्र कमी झाला होता. इटलीच्या माक्की कंपनीने दुसऱ्या महायुद्धात सी-२०२ हे लढाऊ विमान बनवले, त्याचा डावा पंख उजव्यापेक्षा सुमारे २० सेंटिमीटर लांब ठेवला होता. पंख्याच्या पिळाला उतारा म्हणून. हा उपायही चिंधीच्याच जातीचा : इंजिनाचा जोर आणि वेग यांच्या एका ठराविक जोडीला तो बरोबर बसतो, इतर वेळी वैमानिकाने सांभाळून घ्यायचे. यावरून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. दोष ज्या गोष्टीबरोबर वाढतो-घटतो, त्याच गोष्टीबरोबर उपायही वाढला-घटला पाहिजे.

मित्राला हे तत्त्व फारसे रुचले नाही. त्याने दोन्ही पंखांची टोके वर उचलली. पसरलेल्या ओंजळीसारखे असे पंख पुष्कळ विमानांना असतात. विमान कलून बाजूला घसरू लागले की खालच्या पंखाला हवा अधिक कोनातून लागते, त्याची उचल वाढते आणि विमान थोडे सरळ होते. सोय चांगली आहे, पण फुकटची नाही. टोके फार उचलली तर विमान झोक्यासारखे या कुशीवरून त्या कुशीवर हेलकावत राहते. म्हणूनच आपल्या वायुसेनेच्या आयएल-७६ या अवजड मालवाहू विमानाचे पंख उलट खाली झुकवलेले आहेत. त्याचे पंख धडाच्या माथ्यावर असल्यामुळे स्थिरता त्याला आधीच पुष्कळ मिळालेली असते. शिवाय हा उपाय वाऱ्याच्या झुळकीवरचा आहे; सतत पिळणाऱ्या पंख्यावरचा नाही. डावरे आता हेलकावत डावीकडे जाऊ लागले.

"माणसाच्या हातासारखा उपाय नाही," मित्र म्हणाला. "राइट बंधूंना विचार."

राइट बंधूंचे नाव काढून त्याने मला चांगलेच अडचणीत टाकले. त्यांच्या काळातले पुष्कळ संशोधक असे विमान बनवू पाहत होते की जे आपले आपण सरळ राहील आणि वैमानिक आत बसून फक्त दिशा दाखवील. अमेरिकेतले लँगली हे मोठे शास्त्रज्ञ त्याच मताचे. त्यांचे विमान १९०३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा डिसेंबरात पोटोमॅक नदीत पडले. राइट बंधू पडले सायकली बनवणारे. सायकल आपली आपण उभी राहत नाही आणि तरीही पोरेसोरे तिच्यावर बसून जातात, हे त्यांना रोजचे ठाऊक होते. त्यांनी पंखांना पीळ देण्याची युक्ती काढली : दोऱ्या ओढल्या की एका बाजूच्या पंखाची उचल वाढते, दुसऱ्या बाजूची कमी होते. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉक येथे ते उडाले, तेव्हा कल सांभाळण्याचे काम त्यांनी वैमानिकाकडेच ठेवले होते. एवढेच नव्हे, तर झुळूक आल्यावर विमानाने आपल्या मनाने काही करू नये म्हणून पंखांची टोके त्यांनी थोडी खालीच झुकवली होती.

मित्र ही हकीगत सांगून विजयी मुद्रेने चहा प्यायला. पण मीही तेच विमान धुंडाळले, आणि त्यात मला दोन गोष्टी सापडल्या. पहिली अशी की, त्या विमानाचा उजवा पंख डाव्यापेक्षा सुमारे चार इंच लांब होता. वैमानिक मध्याच्या डावीकडे निजायचा आणि उजवीकडे इंजिन असायचे. इंजिन माणसापेक्षा जड. वजनातला हा फरक उड्डाणभर तसाच राहणार, म्हणून त्याला उतारा कायमचा, लाकडातच. सरळ उडताना एकूण उचल विमानाच्या वजनाएवढीच असते, त्यामुळे कोणत्याही वेगाला हा हिशेब जुळतो. दुसरी गोष्ट याहून सुंदर. विमानाला पंखे दोन होते आणि इंजिन एक. दोन्ही पंख्यांना साखळ्यांनी गती दिली होती, आणि त्यांतली एक साखळी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पीळ देऊन चढवली होती. त्यामुळे पंखे परस्परविरुद्ध फिरत आणि एकाचा पीळ दुसरा खाऊन टाकी. जोर वाढला तर दोन्हींचा वाढे, घटला तर दोन्हींचा घटे.

बाबांना हे सांगितले तेव्हा ते हसले. "आमच्या गावच्या गिरणीत असंच होतं. पट्टा आढी देऊन चढवला की दुसरं चाक उलटं फिरतं. तुमचे राइटसाहेब गिरणीत काम करून आले असतील."

म्हणजे हात की हत्यार, हा आमचा वादच राइट बंधूंनी शिल्लक ठेवला नव्हता. जो कल नेहमीचा आणि नियमाने येणारा, तो त्यांनी बांधणीतच काढून टाकला. जो कल अवचित येणारा, वाऱ्याचा, तो हातासाठी ठेवला. नेहमीच्या कलावरच हात अडकून पडला तर झुळूक आल्यावर तो मोकळा कुठून असणार?

यंत्राकडून कल सांभाळून घेण्याचा एक तिसरा मार्गही आहे. लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन तरुणाने १९१४ साली पॅरिसजवळ सीन नदीवर आपल्या जायरोस्कोपच्या यंत्राची परीक्षा दिली. त्याचा मदतनीस चालत्या विमानाच्या पंखावर जाऊन उभा राहिला, आणि स्पेरीने स्वतःचे दोन्ही हात वर केले. तरी विमान सरळ राहिले. आमच्या खेळातही अशी स्वयंचलित सोय आहे. ती लावली की डावरे अगदी सज्जनासारखे उडते. पण कल गेलेला नसतो. यंत्र तो गुपचूप एलेरॉन मुरडून झाकीत असते. उतरताना वेग मंदावला आणि अखेरच्या क्षणी इंजिनाचा जोर वाढवावा लागला की एलेरॉनांची सगळी पुंजी आधीच खर्च झालेली असते. मग विमान एकदम डाव्या पंखावर जाते, आणि पाहणाऱ्याला वाटते की हे अचानक झाले.

याच दिवसांत मी 'एम्परर अशोक'ची हकीगत वाचली. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे हे बोइंग ७४७ मुंबईच्या सांताक्रूझहून दुबईला निघाले. आत २१३ माणसे होती. समुद्रावर आल्यावर विमान थोडे उजवीकडे वळले आणि पुन्हा सरळ झाले. पण कॅप्टनच्या समोरचे कल दाखवणारे यंत्र सरळ झाले नाही. विमान अजून उजवीकडे कललेले आहे असेच ते दाखवीत राहिले. बाहेर अंधार, खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, मध्ये क्षितिजाची रेघ नाही. जो कल नव्हताच तो काढण्यासाठी विमान डावीकडे, आणखी डावीकडे नेले गेले, नव्वद अंशांच्याही पलीकडे. विमानात कल दाखवणारे आणखी एक, तिसरे यंत्र होते, आणि फ्लाइट इंजिनियरने तिकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला होता. पण वेळ उरला नव्हता. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. कोणीही वाचले नाही.

अशा वेळी माणसाच्या शरीराचाही उपयोग नसतो. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतले पाणी आपल्याला तोल सांगते. पण कल अगदी सावकाश आला तर ते हलत नाही, आणि एकाच वळणात बराच वेळ राहिले तर ते स्थिरावते व आपण सरळ आहोत असे सांगू लागते. म्हणून धुक्यात आणि अंधारात शरीरावर विसंबू नये, यंत्रांवर विसंबावे, असे वैमानिकांना शिकवतात. आणि एकाच यंत्रावर विसंबू नये, हेही शिकवतात.

मी ही हकीगत मित्राला जेवताना सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग बाबाच म्हणाले, "पाणसळ एकच असली की ती उलटी करून परत लावावी. दोन्ही वेळा बुडबुडा मध्येच आला तर ती खरी." त्या रात्री आमच्यात वाद झाला नाही.

फेब्रुवारीत मित्र निवड मंडळापुढे जाऊन आला. पहिल्याच दिवशी चाचणी होती. यंत्रासमोर बसून हातापायांनी काही ठिपके जागेवर धरायचे. तो तीत उतरला नाही. यात कुणाचा दोष नव्हता. चाचणी सर्वांना सारखी होती आणि त्याने ती मन लावून दिली होती. सकाळी तो स्टेशनवरून चालतच घरी आला, आईने पोहे केले ते त्याने खाल्ले आणि वर जाऊन झोपला. ज्याचा कल लहानपणापासून एकाच गोष्टीकडे, त्याला कल-चाचणीने नाही म्हणावे, ही थट्टा माझ्या तोंडावर आली होती. ती मी गिळली. आज इथे लिहितो आहे ती त्याच्या परवानगीने.

दोन-तीन दिवस त्याने संगणकाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी स्वतःच म्हणाला, "चल, ती आढी बसवू."

आम्ही डावऱ्याच्या नाकावर, एकाच आसावर, एकामागे एक असे दोन पंखे बसवले. एक उजवा फिरणारा, दुसरा डावा. भारतीय नौदलाच्या तुपोलेव-१४२ या प्रचंड टेहळणी विमानाला असेच जोडपंखे होते. ती विमाने २०१७ साली निवृत्त झाली. त्यांतले एक विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभे आहे, ते कुणीही जाऊन पाहावे. आम्ही उजव्या पंखातले वजन काढले, वर उचललेली टोके अर्ध्यावर आणली, स्वयंचलित सोय बंद केली. मित्राने इंजिन पूर्ण जोरात सोडले. त्या खेळात धावपट्टी संपली की पुढे समुद्र आहे. विमान उठले, समुद्रावर गेले, आणि दोन्ही पंख पाण्याशी समांतर. त्याने कळीवरून हात काढून मांडीवर ठेवले. जोर कमी केला, वाढवला, काही नाही.

मला वाटले त्याला वाईट वाटत असेल. सहा महिने ज्या घोड्यावर बसायला तो शिकला, त्याची खोडीच आम्ही काढून टाकली होती. पण त्याचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होते. "इंजिन बंद करून बघायचं हे काकांना कसं सुचलं असेल रे?" त्याने विचारले. हा प्रश्न त्याने मला विचारला खरा; पण उत्तरासाठी तो खाली बाबांकडे गेला, आणि रात्री अकरापर्यंत वर आला नाही.

आता पदवीनंतर विमान-देखभालीच्या अभ्यासक्रमाला जायचे त्याच्या मनात आहे. मोठ्या शाळेत विमान जॅकवर चढवून आधी पातळीत आणायचे, मग दोन्ही पंखांचे कोन मोजून ताडून पाहायचे, असे काम तिथे असते. बीदरला त्याच्या घरी हे अजून सर्वांना पटलेले नाही. उडणे निराळे आणि उडणाऱ्याच्या पंखाखाली उभे राहणे निराळे, असे त्याचे आजोबा म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे आहे असे मला वाटत नाही. मित्रालाही ते ठाऊक आहे. आकाशात विमान गेले की तो अजूनही बोलता बोलता थांबतो.

बाबांनी त्याला आपली एक जुनी पाणसळ दिली आहे. ती घेऊन तो घरभर हिंडत असतो. आमच्या स्वयंपाकघराचा ओटा डावीकडे अर्धा अंश कललेला आहे असे त्याने परवा आईला सांगितले. वीस वर्षे सांडलेले दूध त्याच बाजूला वाहते, हे मला ठाऊक आहे, असे आईने त्याला उत्तर दिले.